उरलेला खांब

अकोले तालुक्यातल्या हरिश्चंद्रगडावर पाचनईच्या वाटेनं चढून गेलं की देवळापासून जवळच एक भलंमोठं लेणं लागतं. केदारेश्वराचं. आत कमरेपर्यंत पाणी, भर वैशाखातही हाडं गारठवणारं, आणि त्या पाण्याच्या मधोमध प्रचंड शिवलिंग. लिंगाच्या चार बाजूंना मूळचे चार खांब होते. आज एकच धड उभा आहे, बाकीचे तीन तुटलेले. गडावर येणाऱ्याला गावची माणसं सांगतात, चार खांब म्हणजे चार युगं. एकेक युग सरलं तसा एकेक खांब पडला. आता कलियुगाचा तेवढा उरलाय. तो कोसळेल त्या दिवशी जग बुडेल.

ही कथा खांब मोडल्यानंतरच जन्मली असणार, हे उघड आहे. चारही शाबूत होते तेव्हा तिला जागाच नव्हती. कधीतरी कोणीतरी पाण्यात उभं राहून तीन मोडके खांब आणि एक धड खांब पाहिला, आणि त्याला त्यात हिशोब दिसला. तो इतका चोख बसला की पुढं प्रत्येकानं तोच सांगितला. जगाच्या शेवटाच्या बहुतेक कथा अशाच घडल्या आहेत. डोळ्यांसमोर जे मोडताना दिसतं, त्यावरून माणूस सगळंच कसं मोडेल याचा अंदाज बांधतो.

या खांबाची मुदत किती, हे मराठी घरात वरचेवर मोठ्यानं उच्चारलं जातं, फक्त तिकडं कोणाचं लक्ष नसतं. सत्यनारायणाच्या पूजेला यजमान हातात पाणी घेऊन संकल्प सोडतो तेव्हा गुरुजी त्याच्या गोत्राआधी काळाचा पत्ता सांगतात. ब्रह्मदेवाच्या आयुष्याचा दुसरा अर्धा भाग, श्वेतवाराह कल्प, वैवस्वत मन्वंतर, त्यातली अठ्ठाविसावी चौकडी, तिच्यातलं कलियुग, आणि कलियुगाचाही पहिलाच चरण. पंचांगाच्या परंपरेनं हे कलियुग इसवी सनापूर्वी ३१०२ मध्ये सुरू झालं आणि ते ४,३२,००० वर्षं चालायचं आहे. म्हणजे सरली आहेत जेमतेम ५,१०० वर्षं. द्वापार कलियुगाच्या दुप्पट, त्रेता तिप्पट, कृत चौपट. सगळ्यांची बेरीज ४३,२०,००० वर्षं. अशा हजार चौकड्या झाल्या की ब्रह्मदेवाचा एक दिवस मावळतो, ४३२ कोटी वर्षांचा. पृथ्वीचं वय आजच्या विज्ञानानं सुमारे ४५४ कोटी वर्षं काढलं आहे, त्यामुळं पूर्वजांना सगळं ठाऊक होतं असं म्हणण्याचा मोह होतो. तो आवरलेला बरा. पुराणांचा आकडा गुणाकारातून आला, दगड मोजून नव्हे. त्यातलं खरं धाडस वेगळं आहे. बैलगाडीच्या वेगानं जगणाऱ्या माणसांनी कोटींच्या घरातल्या काळाचा विचार केला, आणि त्या काळाच्या एका कोपऱ्यात पाटावर बसलेल्या यजमानालाही जागा दिली.

कल्पाच्या शेवटी काय होतं, याचं वर्णन विष्णुपुराणानं तपशीलवार केलं आहे. आधी शंभर वर्षं पाऊस पडत नाही. सूर्याचे सात किरण समुद्रापासून झाडांच्या मुळांपर्यंतचं सगळं पाणी पितात आणि फुगून सात सूर्य होतात. जमीन कासवाच्या पाठीसारखी टणक पडते. शेषाच्या श्वासातून काळाग्नी उठतो आणि तिन्ही लोक तापलेल्या कढईसारखे दिसू लागतात. मग ढग येतात, आणि इथं पुराणकाराची लेखणी थांबायला तयार नाही. काही ढग निळ्या कमळासारखे, काही काजळासारखे, काही शंखासारखे पांढरे, काही चाष पक्ष्याच्या पंखांच्या रंगाचे, तर काही इंद्रगोपासारखे लालभडक. इंद्रगोप म्हणजे मृगाचा किडा. पहिल्या पावसानंतर बांधावर मखमलीच्या थेंबासारखा चालणारा. त्या ढगांतून शंभर वर्षांहून जास्त काळ पाऊस कोसळतो आणि आग विझते. उरतं ते फक्त पाणी.

शेतकऱ्याला हा क्रम ओळखीचा वाटेल. रखरखीत चैत्र-वैशाख, भेगाळलेली जमीन, पेटलेलं रान, मग क्षितिजावर चढत येणारे ढग आणि धो धो मृग. प्रलय म्हणजे आपलंच वर्ष, शंभर पटींनी ताणलेलं. मराठीनं तर शेवटाला नावच पाण्याचं दिलं: जगबुडी. रत्नागिरी जिल्ह्यात खेडला याच नावाची नदी वाहते आणि पावसाळ्यात ती पात्राबाहेर पडली की खेडकरांना नावाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. शेवटाचं चित्र काढायला प्रत्येक मुलखानं रंग घरातलेच घेतले आहेत, आणि म्हणूनच ही चित्रं एकमेकांहून इतकी वेगळी आहेत.

महाभारताच्या वनपर्वात मार्कंडेय ऋषी त्या अथांग पाण्यावर एकटाच भटकत राहतो. सगळं संपलेलं असताना त्याला वडाच्या फांदीवर एक तान्हं मूल दिसतं. मूल तोंड उघडतं आणि ऋषी आत ओढला जातो. पाहतो तर आत सगळं जग जसंच्या तसं. नद्या वाहताहेत, नगरं गजबजली आहेत, माणसं आपापल्या कामात आहेत. शंभराहून अधिक वर्षं तो आत हिंडतो, पण त्याला शेवट सापडत नाही. वडाच्या पानावर पायाचा अंगठा चोखत पहुडलेल्या बाळकृष्णाची तसबीर याच कथेच्या वंशातली. इतकं गोड चित्र प्रलयाचं आहे, हे पाहणाऱ्याच्या ध्यानीही येत नाही.

आता उत्तरेला, आइसलँडकडं. तिथल्या जुन्या कथांमधल्या शेवटाचं नाव रॅग्नरॉक. तेराव्या शतकात स्नोरी स्टुर्लुसन या आइसलँडी विद्वानानं त्या कथा संगतवार लिहून ठेवल्या. त्यांत सूर्य तापत नाही, लांडगा त्याला गिळतो. सुरुवात थंडीनं होते. सलग तीन हिवाळे, मध्ये उन्हाळाच नाही. भाऊ भावाला मारतो. साखळदंड तोडून फेनरिर नावाचा अजस्र लांडगा सुटतो आणि देवांचा राजा ओडिन त्याच्या जबड्यात जातो. थॉर समुद्रातल्या महासर्पाला ठार करतो, नऊ पावलं चालतो आणि त्याच्या विषानं कोसळतो. या कथेत देवच हरतात, आणि आपण हरणार हे त्यांना आधीपासून ठाऊक असतं. तरी ते शस्त्र घेऊन बाहेर पडतात. प्रलयकथांच्या साऱ्या जगात ही हिंमत विरळा आहे.

पण स्नोरीच्या लिखाणातल्या दोन बारक्या गोष्टी या सगळ्या रणधुमाळीपेक्षा जास्त मनात राहतात. शत्रूंचं सैन्य नागलफार नावाच्या जहाजातून येणार आहे आणि ते जहाज मेलेल्यांच्या नखांचं बनतं आहे. म्हणून मरणाऱ्याची नखं कापावीत, न कापलेल्या नखांनी जहाज लवकर पुरं होतं. दुसरी गोष्ट जोड्याची. ओडिनचा मुलगा विदार लांडग्याच्या खालच्या जबड्यावर पाय देऊन त्याला फाडणार आहे. त्यासाठी त्याच्या पायात जाडजूड जोडा हवा, आणि तो जोडा तयार होतो माणसांनी चपला-जोडे शिवताना टाचेचे आणि चवड्याचे कापून टाकलेले चामड्याचे तुकडे साठवून. देवांना मदत करायची असेल त्यानं ते तुकडे टाकून द्यावेत. म्हणजे मृताची नखं कापणारी म्हातारी आणि जोडे शिवणारा कारागीर, दोघंही त्या शेवटच्या लढाईत उतरलेले आहेत. इंग्लंडच्या कंब्रिया भागात गॉसफर्थच्या चर्चच्या आवारात दहाव्या शतकातला एक उंच, सडपातळ दगडी क्रूस उभा आहे. त्याच्यावर जबड्यात पाय रोवलेला एक वीर कोरला आहे, तो विदार असल्याचं मानलं जातं. त्याच दगडावर सुळी दिलेला येशूही आहे. धर्म बदलत असताना कोरणाऱ्यानं दोन्ही शेवट एकाच खांबावर ठेवले.

तीन हिवाळ्यांची कल्पना आली कुठून? काही पुरातत्त्वज्ञ इसवी सन ५३६ कडं बोट दाखवतात. त्या वर्षी ज्वालामुखीच्या प्रचंड उद्रेकामुळं उत्तर गोलार्धावर धूसर पडदा पसरला. सूर्य वर्षभर चंद्रासारखा निस्तेज होता, असं बायझँटाइन इतिहासकार प्रोकोपियसनं नोंदवलं. ५४० च्या सुमारास आणखी एक उद्रेक झाला. ग्रीनलंडच्या बर्फाच्या थरांत त्याची राख आणि गंधक आजही मोजता येतं, आणि स्वीडनमधल्या कितीतरी वस्त्या त्या शतकात ओस पडलेल्या दिसतात. पिढ्यान्‌पिढ्या सांगितलेली आठवण सहाशे-सातशे वर्षांनी कातड्याच्या पानावर उतरली असेल, हा तर्क आहे, पुरावा नाही. पण ज्या देशात पीक तयार व्हायला उन्हाचे मोजके आठवडे मिळतात, तिथं न येणारा उन्हाळा म्हणजेच प्रलय.

मेक्सिकोत जमीन हलते. अस्तेक लोकांच्या मते जग आतापर्यंत चार वेळा संपलं आहे. प्रत्येक जगाला ते ‘सूर्य’ म्हणत. पहिल्या सूर्याच्या माणसांना जॅग्वारांनी खाल्लं. दुसऱ्याची वाऱ्यानं उडवून नेली, त्यांची माकडं झाली. तिसऱ्यावर आगीचा पाऊस पडला, चौथ्याची पुरात मासळी झाली. आपण आहोत पाचव्या सूर्यात, आणि तो भूकंपानं संपणार. १७ डिसेंबर १७९० रोजी मेक्सिको सिटीच्या मुख्य चौकात फरसबंदीचं काम चालू असताना मजुरांना सुमारे ३.६ मीटर व्यासाचा, २४ टनांच्या आसपास वजनाचा कोरीव दगड सापडला. त्याच्या मध्यभागी जीभ बाहेर काढलेला एक चेहरा आहे, भोवती चार चौकटींत ते चार मेलेले सूर्य, आणि साऱ्यांचं मिळून बनलेलं चिन्ह आहे ‘चार हालचाल’. हालचाल म्हणजे भूकंप. तळ्याच्या गाळावर वसलेल्या त्या शहराला १९ सप्टेंबर १९८५ ला भूकंपानं उद्ध्वस्त केलं आणि बरोबर ३२ वर्षांनी, १९ सप्टेंबर २०१७ ला, पुन्हा हादरवलं.

अस्तेकांची दोन पंचांगं होती, एक ३६५ दिवसांचं आणि एक २६० दिवसांचं. दोन्हींचे आरंभ ५२ वर्षांनी पुन्हा एकत्र येत. त्या सांध्यावर सूर्य पुढं जाईल की नाही याची खात्री नसे. म्हणून दर ५२ वर्षांनी एक रात्र अशी यायची की साऱ्या राज्यात एकही दिवा नसे. बेर्नार्दिनो दे साहागुन या स्पॅनिश धर्मोपदेशकानं सोळाव्या शतकात नाहुआत्ल भाषेतल्या जुन्या जाणत्यांकडून या रात्रीची हकिकत उतरवून घेतली. घरोघरच्या चुली विझवल्या जात. चुलीचे दगड, वाटण्याचे वरवंटे, घरातल्या देवांच्या मूर्ती पाण्यात टाकल्या जात. घर झाडून लख्ख करायचं. गरोदर बाईच्या तोंडाला मॅगेच्या, म्हणजे घायपाताच्या, पानाचा मुखवटा बांधून तिला धान्याच्या कणगीत बसवायचं. सूर्य उगवलाच नाही तर ती हिंस्र श्वापद होईल, अशी भीती. मुलांना चिमटे काढून, धक्के देऊन जागं ठेवायचं, कारण झोपलं ते उंदीर होणार.

सगळे गच्चीवर चढून एकाच दिशेला बघत. अस्तेकांच्या राजधानीच्या दक्षिणेला एका डोंगरावर पुजारी आकाश न्याहाळत उभे असत. कृत्तिकांचा पुंजका डोक्यावर येऊन पुढं सरकला की काळ थांबला नाही हे कळे. त्या क्षणी एका युद्धकैद्याच्या छातीवर लाकूड घुसळून ठिणगी पाडली जाई, आणि मग त्याचं काळीज काढून त्याच आगीत टाकलं जाई. ही भीषणता सौम्य करून सांगण्यात अर्थ नाही. त्या एका जिवाच्या किमतीवरच बाकीच्यांचा दिलासा उभा होता. डोंगरावरची ज्वाळा दिसताच लोक कान कापून रक्ताचे थेंब तिच्या दिशेनं उडवत. धावपटू पलिते पेटवून निघत. आग आधी महामंदिरात, मग पुजाऱ्यांच्या घरी, मग पेठापेठांत, आणि पहाटेपर्यंत प्रत्येक चुलीत. नवी भांडी, नव्या चटया. आणखी ५२ वर्षं मिळाली.

ही रात्र शेवटची आली १५०७ मध्ये. पुढची यायची होती १५५९ ला. मध्येच, १३ ऑगस्ट १५२१ रोजी, ही राजधानी स्पॅनिश सैन्यानं घेतली आणि देवीच्या साथीनं माणसं आधीच पटापट मेली होती. भूकंपाची वाट पाहणाऱ्यांचं जग समुद्रावरून आलेल्या जहाजांनी संपवलं.

जपानमध्ये शेवट वेगळ्याच वाटेनं आला. तिथं जग कोसळणार नव्हतं, धर्म झिजणार होता. बुद्धानंतर शिकवण हळूहळू क्षीण होत जाईल आणि शेवटी कोणालाच बोध होणार नाही, असा काळ सांगितलेला होता. जपानी गणितानं तो १०५२ साली सुरू होत होता. त्याआधी ४५ वर्षं, १००७ मध्ये, दरबारातला सर्वांत बलाढ्य माणूस, फुजिवारा नो मिचिनागा, किनपू पर्वत चढून गेला. बरोबर स्वतः नकललेल्या सूत्रांच्या १५ गुंडाळ्या होत्या. त्या मुलामा दिलेल्या कांस्याच्या नळकांड्यात घालून त्यानं शिखरावर पुरल्या. का, तर भावी बुद्ध मैत्रेय येईल तेव्हा जमिनीतून त्या आपोआप वर याव्यात. मैत्रेयाच्या येण्याची जपानी मुदत आहे ५६७ कोटी वर्षं. इतक्या लांबच्या वाचकासाठी पुस्तकं ठेवून तो माणूस डोंगर उतरला. त्याच्या मुलानं, योरिमिचीनं, १०५२ सालीच आपली उजी गावची हवेली मंदिराला देऊन टाकली; दुसऱ्या वर्षी तिथं उभं राहिलेलं अमिताभाचं दालन आज जपानच्या दहा येनच्या नाण्यावर आहे. मिचिनागाचं नळकांडं सहा-सातशे वर्षांनी खरोखरच जमिनीतून वर आलं. काही गुंडाळ्या ओलीनं खाल्ल्या होत्या, अक्षरं मात्र वाचता येतात. मैत्रेयाला पाहायला इतकं लांब जावं लागत नाही, अजिंठ्याच्या सतराव्या लेण्याच्या दारावर आठ बुद्धांच्या ओळीत शेवटचा बसला आहे तो तोच. पाचव्या शतकातल्या चित्रकारानं होऊन गेलेल्यांच्या पंगतीतच येणाऱ्याचं पान मांडलं.

ख्रिस्ती युरोपनं शेवटाची जितकी चित्रं केली तितकी कदाचित कोणीच केली नसतील. सिस्टाइन चॅपेलच्या भिंतीवरचा मायकलअँजेलोचा अंतिम न्याय, १५४१ मध्ये पुरा झालेला, सगळ्यांना माहीत असतो. ड्यूररनं १४९८ मध्ये लाकडी ठशांवर छापलेले चार घोडेस्वारही ओळखीचे. त्यांच्याहून कमी ठाऊक असलेली एक वस्तू फ्रान्समध्ये आंजेच्या किल्ल्यात टांगलेली आहे. चौदाव्या शतकाच्या अखेरीला, प्लेगनं युरोप रिकामा केल्याच्या एका पिढीनंतर आणि शंभर वर्षांचं युद्ध चालू असताना, आंजूचा ड्यूक पहिला लुई यानं बायबलच्या अखेरच्या पुस्तकातली सगळी दृश्यं लोकरीत विणून घेतली. तो पडदा मूळचा सुमारे १४० मीटर लांब होता. सात डोक्यांचा राक्षस, आकाशातून पडणारे तारे, बुडणारी जहाजं, आणि जवळजवळ प्रत्येक देखाव्याच्या कडेला हे सगळं पाहत उभा असलेला संत जॉन, कधी हनुवटीवर हात, कधी डोळ्यांत भय. राज्यक्रांतीच्या धामधुमीत तो कापला गेला. जगाच्या अंताचे तुकडे तबेल्यात घोड्यांमागं ठोकले, पायपुसणी झाली, हिवाळ्यात संत्र्याच्या झाडांवर पांघरूण म्हणून घातले गेले. एकोणिसाव्या शतकात तुकडा तुकडा शोधून तो पुन्हा जोडला. आज शंभर मीटर उरला आहे. संत्र्याची झाडं थंडीतून वाचवताना काही दृश्यं कायमची गेली.

इंग्लंडातल्या गावागावांच्या चर्चमध्येही न्यायाच्या दिवसाची चित्रं असत. धर्मसुधारणेच्या काळात त्यांच्यावर चुना फासला गेला. सफोकमधल्या वेनहॅस्टन गावच्या चर्चची दुरुस्ती चालू असताना १८९२ मध्ये कामगारांनी पांढऱ्या जुन्या फळ्या काढून आवारात टाकल्या. रात्री पाऊस झाला. चुना धुऊन गेला आणि सकाळी फळ्यांवर कबरींतून उठणारी माणसं, तराजू धरलेला देवदूत आणि आ वासलेला नरक उघडा पडला होता. साडेतीनशे वर्षं गावानं त्या चित्राकडं तोंड करून प्रार्थना केली होती, त्याला न पाहता.

भय हा या सगळ्यांतला मोठा धागा आहे, पण एकच नाही. पारशांच्या बुंदहिश्न या पहलवी ग्रंथात शेवटी डोंगरांतली सगळी धातू वितळून नदीसारखी वाहते आणि प्रत्येकाला तिच्यातून चालावं लागतं. सज्जनाला ती कोमट दुधासारखी लागते, पाप्याला तापल्या धातूसारखी. पण पलीकडच्या काठावर दोघेही पोचतात, शुद्ध होऊन. कायमचं कोणीच जळत नाही. इस्लामी परंपरेत इस्राफीलची तुतारी आहे, पश्चिमेला उगवणारा सूर्य आहे, पिंजलेल्या लोकरीसारखे उडणारे डोंगर आहेत, आणि त्याच परंपरेतल्या एका हदीसमध्ये अगदी साधी सूचना आहे. कयामत येऊन ठेपली आणि कोणाच्या हातात खजुराचं रोप असलं, तर जमल्यास त्यानं ते लावून टाकावं. त्याच्या सावलीत बसायला कोणी उरणार नाही, हे ठाऊक असूनही.

शेवटाची कथा नेहमीच अशी सांभाळून नेत नाही. दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर खोसा लोक १८५० च्या दशकात दोन्हीकडून भरडले जात होते. इंग्रजांशी आठवं युद्ध हरून जमिनी गेल्या होत्या, आणि १८५३ मध्ये युरोपातून आणलेल्या बैलांबरोबर फुप्फुसाचा रोग येऊन गुरं पटापट मरत होती. १८५६ मध्ये नोंगकावुसे नावाच्या पंधराएक वर्षांच्या मुलीनं सांगितलं की नदीकाठी तिला पूर्वज भेटले. त्यांचा निरोप होता, सगळी गुरं मारा, पेरणी करू नका, कणग्या रिकाम्या करा. मग मेलेले उठतील, जमिनीतून निरोगी गुरं वर येतील, गोरे समुद्रात जातील. गुरं म्हणजे खोशांचं धन, लग्न, मान, सगळंच. तरी सुमारे चार लाख जनावरं मारली गेली. विश्वास ठेवणाऱ्यांना ‘मऊ’ आणि न ठेवणाऱ्यांना ‘कडक’ म्हणत. घराघरांत फूट पडली. फेब्रुवारी १८५७ मधल्या ठरल्या दिवशी सूर्य नेहमीसारखा उगवला आणि नेहमीसारखाच मावळला. चाळीस हजारांच्या आसपास माणसं उपाशी मेली, हजारो मजुरीसाठी वसाहतीत गेली आणि ज्या जमिनीसाठी हे केलं ती इंग्रजांच्या हाती आणखी सहज पडली. या लोकांना भोळे म्हणून मोकळं होणं अन्यायाचं आहे. ज्यांचं जग डोळ्यांदेखत हिसकावलं जात होतं, त्यांनी ते आपल्या हातानं संपवून नवं मागून पाहिलं.

तारखा चुकतात, माणसं उरतात. फेब्रुवारी १९६२ मध्ये मकर राशीत केतूसह आठ ग्रह एकत्र आले. त्या अष्टग्रहीची आठवण जुन्या पिढीत अजून निघते. देशभर यज्ञ झाले, तुपाच्या आहुती पडल्या. ५ फेब्रुवारी उलटली आणि शाळा-कचेऱ्या पूर्ववत सुरू झाल्या. २१ डिसेंबर २०१२ ला माया पंचांगाचा १३ बाक्तुनांचा फेरा पुरा झाला, म्हणजे १८,७२,००० दिवस. शेवट होणार असं त्यात मायांनी म्हटलं नव्हतं; पालेन्केच्या एका शिलालेखात तर थेट इसवी सन ४७७२ मधल्या तिथीचा उल्लेख आहे. ज्यांचं पंचांग, त्यांना काळ पुढं चालूच राहील अशी खात्री होती. भीती उसनी घेतली ती इतरांनी.

१९४५ नंतर मात्र ही गोष्ट बदलली. त्याआधी शेवट करणारे हात देवाचे, लांडग्याचे किंवा सूर्याचे होते. अणुबॉम्ब बनवण्यात भाग घेतलेल्या काही शास्त्रज्ञांनी शिकागोहून काढलेल्या नियतकालिकाच्या मुखपृष्ठावर १९४७ मध्ये एक घड्याळ आलं, मध्यरात्रीला सात मिनिटं कमी. ते काढलं मार्टिल लँग्सडॉर्फ या चित्रकर्तीनं. तिचा नवरा त्याच प्रकल्पातला भौतिकशास्त्रज्ञ होता. सातच मिनिटं का, तर तिच्या नजरेला काटे तिथं शोभले. पुढं मात्र काटे हिशोबानं हलू लागले. हायड्रोजन बॉम्बनंतर, १९५३ मध्ये, दोन मिनिटं. शीतयुद्ध संपल्यावर, १९९१ मध्ये, सतरा. जानेवारी २०२५ मध्ये ८९ सेकंद. हरिश्चंद्रगडाचा खांब एकदा मोडला की मोडला. या घड्याळाचे काटे मागंही नेता येतात, नेले गेलेही आहेत, आणि ते माणसांनीच करारांवर सह्या करून नेले.

पारशांच्या वेंदिदादमध्ये अहुर मझ्द हा देव यिमा राजाला सांगतो, भयंकर हिवाळा येतो आहे, जमिनीत एक बंदिस्त आवार कर आणि त्यात माणसांची, गुरांची, झाडांची उत्तमोत्तम बीजं नेऊन ठेव. मत्स्यपुराणातला मनूही नावेत बीजं घेऊनच चढतो. नॉर्वेच्या उत्तरेला, स्वालबार्ड द्वीपसमूहात, २६ फेब्रुवारी २००८ रोजी एका गोठलेल्या डोंगराच्या पोटात असंच आवार उघडलं. उणे १८ अंशांत तिथं जगभरच्या पिकांची बियाणी पेट्यांत ठेवली आहेत, आणि ज्याची पेटी त्यालाच ती उघडता येते. हैदराबादजवळच्या पाटणचेरूच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेनं पाठवलेली ज्वारी, बाजरी, तूर आणि हरभराही तिथं आहे. ही कोठी प्रलयासाठीची म्हणून ओळखली जाते, पण पहिली मागणी आली ती एका देशातल्या युद्धामुळं. सीरियात अलेप्पोजवळची बीजपेढी लढाईत अडकली आणि २०१५ मध्ये तिथल्या शास्त्रज्ञांनी स्वालबार्डहून आपल्या पेट्या परत मागवल्या. कोरडवाहू गहू, सातू, मसूर, हरभरा. ते दाणे लेबनॉनच्या बेका खोऱ्यात आणि मोरोक्कोत पेरले, कणसं-शेंगा धरल्या, मळणी केली, दाणे वाळवून पुन्हा पाकिटांत भरले. २०१७ मध्ये त्या पेट्या परत बर्फातल्या फडताळात जाऊन बसल्या.